शंभर जीबीचा खेळ अडतो कुठे?

प्रतिनिधी

कोल्हापूर - शाहू स्टेडियमवर साखळी सामने सुरू झाले, की या शहरातील पेठांचे बोलणे फुटबॉलवर येऊन थांबते. तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या संघांमागे उभे राहणारे हेच तरुण घरी परतल्यावर तो खेळ संगणकाच्या पडद्यावर खेळू लागले, त्यालाही आता वीसहून अधिक वर्षे लोटली. पूर्वी एका सीडीवर मावणारा हा पडद्यावरील फुटबॉल २०२३ मध्ये 'ईए स्पोर्ट्स एफसी २४' या नव्या नावाने आला, तेव्हा त्याने संगणकात १०० जीबी मोकळी जागा मागितली. एवढा ऐवज इंटरनेटवरून घरी आणायचा आणि कुठेतरी ठेवायचा, हे दोन प्रश्न त्या दिवसापासून अनेक घरांत ठाण मांडून बसले आहेत.

या प्रश्नांवर घरोघरी काढले जाणारे तोडगेही ठरलेले आहेत. डाउनलोड रखडले, की इंटरनेटवाल्याला फोन करायचा आणि पुढच्या महिन्यापासून अधिक वेगाची योजना घ्यायची. जागा संपली, की नवी डिस्क आणायची. दोन्ही तोडग्यांना पैसे लागतात आणि पुष्कळदा दोन्ही चुकीच्या जागी लागू पडतात. कारण खेळ नेमका कुठे अडला आहे, हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेत नाही. ते पाहण्याची सोय प्रत्येक संगणकात विनामूल्य उपलब्ध आहे.

सीडीपासून टेराबाइटपर्यंत

मागे वळून पाहिले, तर हा प्रवास थक्क करणारा आहे. २००३ मध्ये संगणकावर आलेला 'जीटीए : व्हाइस सिटी' हा खेळ दोन सीडींवर मावत होता. त्याच मालिकेतील पाचवा खेळ २०१५ मध्ये संगणकावर आला, तेव्हा त्याच्या खोक्यात सात डीव्हीडी होत्या. २०१९ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळांनी १५० जीबी जागेची अट घातली. 'कॉल ऑफ ड्युटी' मालिकेतील २०१९ चा खेळ नंतरच्या भरीसह २०० जीबींच्या पलीकडे गेला.

इंटरनेटचा वेगही या काळात वाढला, हे मान्य करावे लागेल. २००४ च्या ब्रॉडबॅंड धोरणाने २५६ केबीपीएस वेगाला 'ब्रॉडबॅंड' म्हटले. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलची 'डेटावन' सेवा याच वेगापासून सुरू झाली. त्या वेगाने १०० जीबींचा खेळ उतरवायचा झाल्यास संगणक अहोरात्र चालू ठेवून ३६ दिवस लागले असते. आज १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तेच काम सव्वादोन तासांत व्हायला हवे. ब्रॉडबॅंडची किमान व्याख्याही २०२३ मध्ये दोन एमबीपीएसवर नेण्यात आली. तरीही 'डाउनलोड फारच हळू होते' ही तक्रार कायम आहे. याचा अर्थ अडथळा प्रत्येक वेळी बाहेरून येणाऱ्या वाहिनीत नसतो.

बिट आणि बाइट यांचा घोळ

पहिला अडथळा तर केवळ समजुतीचा आहे. इंटरनेट विकणारे वेग 'बिट'मध्ये सांगतात आणि खेळाचा आकार 'बाइट'मध्ये मोजला जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसची जोडणी घेतलेल्या ग्राहकाला पडद्यावर सेकंदाला साडेबारा एमबी एवढाच कमाल वेग दिसणार. तो दिसत असेल, तर कोणीही त्याला फसविलेले नाही. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर हा आकडा पाच एमबी होतो आणि १०० जीबींच्या खेळाला साडेपाच तास लागतात. तक्रार करण्यापूर्वी आपल्या योजनेतील आकड्याला आठने भागावे. उत्तराच्या आसपासचा वेग मिळत असल्यास दुरुस्तीची गरज नाही, संयमाची आहे.

डिस्कच्या बाबतीतही असाच घोळ होतो. कंपनीच्या मोजणीने ५१२ जीबींची असलेली डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबींची दिसते आणि एक टेराबाइटची ९३१ जीबींची. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच हा फरक आहे. मात्र २५६ जीबींचा लॅपटॉप घेणाऱ्याने हे आधीच ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या हाती मुळात २३८ जीबी येतात. त्यातून विंडोज आणि नेहमीचे प्रोग्रॅम वजा केले, की एखाद्याच मोठ्या खेळापुरती जागा उरते.

मोबाईलचे इंटरनेट संगणकाला जोडून खेळ उतरविणाऱ्यांचे गणित तर आणखी वेगळे आहे. रोज दोन जीबींची मर्यादा असलेल्या योजनेवर १०० जीबींना पन्नास दिवस लागतात. ती मर्यादा ओलांडल्यावर मिळणारा ६४ केबीपीएसचा वेग डेटावनच्या वेगाच्याही चौथा हिस्सा आहे.

धरणातले पाणी आणि घरातला नळ

काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी कोल्हापुरात आले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्यासाठी शहराने किती वर्षे वाट पाहिली, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु पुईखडीपर्यंत पाणी पोचले म्हणजे गल्लीतील तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला ते त्याच जोराने आले, असे होत नाही. मधल्या टाक्या, जुन्या वाहिन्या आणि घरातील अरुंद पाइप यांवर ते अवलंबून असते. इंटरनेटचेही तसेच आहे. वेग मोजणारे संकेतस्थळ फार तर वाहिनीचा जोर सांगते. खेळ मात्र वाय-फाय, प्रोसेसर, विषाणूरोधक प्रोग्रॅम आणि डिस्क अशा चार टप्प्यांतून जातो. यांपैकी जो टप्पा सर्वांत मंद, तोच सगळ्याचा वेग ठरवितो.

खेळ दाबून लहान केलेल्या स्वरूपात येतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आलेला प्रत्येक तुकडा संगणकाला उलगडावा लागतो, तपासावा लागतो आणि मग डिस्कवर लिहावा लागतो. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सलग लिहायचे असल्यास सेकंदाला शंभर एमबी सहज झेपतात. मात्र हजारो लहान तुकडे इकडे-तिकडे लिहायचे झाले, की तिचा वेग घसरून क्वचित एक-दोन एमबीवर येतो. अशा वेळी खेळ उतरविणारा प्रोग्रॅम इंटरनेटकडून माल घेणे थांबवितो आणि डिस्कची वाट पाहत बसतो. पडद्यावर वेगाची रेषा वर जाते, शून्यावर येते, पुन्हा वर जाते. पाहणाऱ्याला वाटते, लाइन तुटते आहे. वस्तुतः लाइन मोकळी असते आणि डिस्क तुंबलेली असते.

हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. डाउनलोड चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात डिस्क शंभर टक्क्यांवर आणि नेटवर्क खाली असेल, तर दोष डिस्कचा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर उलगडण्याचे काम त्याला झेपत नाही. दोन्ही निवांत असतील आणि वेग तरीही कमी असेल, तरच वाय-फाय, इंटरनेट किंवा पलीकडचा सर्व्हर यांच्याकडे बोट दाखवावे. अधिक वेगाची योजना घेण्याचा विचार त्यानंतरचा. डिस्क तुंबलेल्या घरात दुप्पट वेगाची योजना घेणे म्हणजे अरुंद पाइपाला मोठी टाकी जोडण्यासारखे आहे.

नव्या आवृत्तीच्या भरीबाबत, म्हणजेच अपडेटबाबत, हा प्रकार आणखी ठळकपणे दिसतो. तीनशे एमबींची भर पाच मिनिटांत उतरते आणि पुढचा अर्धा तास संगणक घरघरत राहतो. खेळातील माल काही मोजक्या, प्रचंड आकाराच्या फायलींत बांधलेला असतो. त्यातील एक कोपरा बदलायचा, तरी संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते. तेवढी जागाही तात्पुरती मोकळी लागते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डिस्कवर लहानशी भरही अडून बसते.

भिंती अनेक, घर एकच

'माझ्याकडे सी, डी आणि ई असे तीन ड्राइव्ह आहेत, मग खेळ डीवर हलविला तरी वेग का वाढत नाही?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर संगणक जोडून देण्याच्या आपल्याकडील पद्धतीत आहे. दुकानात संगणक जोडताना एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडून देण्याची रीत जुनी आहे. विंडोज बिघडल्यास 'सी' पुसता यावा आणि घरचे फोटो 'डी'वर सुरक्षित राहावेत, हा त्यामागचा शहाणा हेतू. पण त्या एकाच घरात घातलेल्या भिंती आहेत. 'सी'वरून 'डी'वर नेलेला खेळ त्याच तबकडीच्या दुसऱ्या भागात जातो. त्याने 'सी'ची जागा मोकळी होते, वेग मात्र वाढत नाही. शिवाय डिस्कच निकामी झाली, तर तिन्ही भाग एकदम जातात. तेव्हा 'डी'वरची प्रत म्हणजे सुरक्षित प्रत, हा समजही सोडून द्यावा.

टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क ०' या एकाच नावापुढे सी आणि डी दोन्ही अक्षरे दिसली, तर डिस्क एकच आहे असे समजावे. 'डिस्क ०' आणि 'डिस्क १' अशी वेगळी नावे असतील, तरच खरोखर दोन डिस्क आहेत. त्यांपैकी एसएसडी कोणती आणि तबकडीची कोणती, हेही नव्या विंडोजमध्ये तेथेच लिहिलेले असते.

दोन डिस्क असणाऱ्यांनी वाटणी विचारपूर्वक करावी. मोठ्या जगात सतत फिरविणारे नवे खेळ एसएसडीवर ठेवावेत. 'बाल्डर्स गेट ३' सारख्या खेळांनी तर एसएसडी ही अटच ठेवली आहे. जुने खेळ, सामन्यागणिक एकदाच माल वाचणारे खेळ आणि सध्या बाजूला पडलेले खेळ तबकडीवर सुखाने राहू शकतात. एसएसडी पूर्ण भरू देऊ नये. साधारण दहा ते पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली नाही, तर स्वस्त एसएसडींचा लिहिण्याचा वेग चांगलाच खाली येतो. बाहेरून जोडायची डिस्क असल्यास ती यूएसबी ३ च्या खोबणीत लावावी. ही खोबण पुष्कळदा आतून निळी असते. जुन्या यूएसबी २ च्या खोबणीत उत्तम डिस्कही सेकंदाला तीस-चाळीस एमबींपलीकडे जात नाही.

खेळ हलविताना फोल्डर उचलून दुसरीकडे टाकण्याची घाई करू नये. 'स्टीम'मध्ये सेटिंग्जमधील 'स्टोरेज' या पानावर दुसरी डिस्क जोडता येते आणि खेळ निवडून 'मूव्ह' म्हणता येते. विंडोजच्या दुकानातून घेतलेल्या खेळांनाही अशी सोय आहे. हलविणे चालू असताना वीज गेली, तर फायली अर्धवट राहण्याचा धोका असतो. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा किती, हे ज्याचे त्याने ओळखावे. तसे घडलेच, तर सगळा खेळ पुन्हा उतरविण्याआधी फायली तपासण्याची आज्ञा द्यावी. बिघडलेले तेवढेच तुकडे पुन्हा येतात. जागेसाठी खेळ काढून टाकण्यापूर्वी त्यातील आपली प्रगती 'क्लाउड'वर साठविली जाते का, हेही पाहावे. सर्वच खेळांना ती सोय नसते आणि शंभर तासांचा खेळ एका क्षणात पुसला जाऊ शकतो.

शेवटचे काही फूट

डिस्क आणि प्रोसेसर निर्दोष ठरले, तर मग घरातील जोडणीकडे वळावे. पेठांमधील घरे भिंतीला भिंत लागून आहेत. प्रत्येक घरात एक राउटर आणि जवळजवळ प्रत्येक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच गर्दीत बोलणारा. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात तर लहरी आधीच दमलेल्या असतात. राउटर आणि संगणक यांच्यामध्ये दोन-तीनशे रुपयांची वायर टाकली, तर हा सगळा प्रश्न अनेकदा तेथेच संपतो. ते शक्य नसेल, तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या जोडणीवर जावे आणि राउटर कपाटामागून बाहेर काढावा.

वायरीतही एक खोच आहे. आठ तारांपैकी चारच तारा जोडलेली वायर १०० एमबीपीएसच्या पुढे जाऊ शकत नाही. राउटरची खोबणच जुनी असेल, तरी हीच मर्यादा येते. तीनशे एमबीपीएसची योजना घेऊनही वेग सेकंदाला बारा एमबींच्या आसपासच अडकत असेल, तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहावा. तेथे १०० हा आकडा दिसल्यास दोष वायर किंवा खोबण यांचा आहे. त्यासाठी इंटरनेटवाल्याशी भांडण्याचे कारण नाही, आठ तारांची वायर मात्र हक्काने मागावी.

यानंतर उरतो सर्व्हर. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये विभाग निवडता येतो. कोल्हापूरकरांनी मुंबई आणि चेन्नई असे दोन्ही विभाग आलटून पालटून पाहावेत. नकाशावर जवळचे शहर इंटरनेटच्या वाटेनेही जवळचे असेलच असे नाही. मोठा खेळ प्रसिद्ध होतो त्या संध्याकाळी जगभरची झुंबड उडते. तेव्हा पहाटेची वेळ लावून झोपणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. तेथेच वेगावर मर्यादा घातलेली नाही ना, तेही पाहून घ्यावे. घरातील ऑनलाइन वर्गासाठी ती कधीतरी घातलेली असते आणि नंतर काढायची राहून जाते.

'वेग दुप्पट करणारे' म्हणून फिरणारे प्रोग्रॅम मात्र टाळावेत. विषाणूरोधक प्रोग्रॅम पूर्ण बंद करण्याचा सल्लाही धोक्याचा आहे. फार तर खेळाच्या फोल्डरपुरती सूट द्यावी आणि तीही खेळ अधिकृत असेल तरच. बाजारभावाच्या पाव किमतीत 'सोळा टेराबाइट'ची डिस्क विकणाऱ्या जाहिरातींपासूनही सावध राहावे. आतील चिप लहान असते, आकडा खोटा दाखविलेला असतो आणि ती भरत आली, की आधीचा माल नष्ट होतो.

गल्लीत एकाने आणावे

प्रत्येकाने स्वतंत्रपणे शंभर जीबी उतरविण्याची गरज आहे का, हाही विचार व्हावा. २०२३ मध्ये स्टीमने एकाच नेटवर्कवरील दोन संगणकांमध्ये खेळ थेट पाठविण्याची सोय केली. घरातील दोन भावांपैकी एकाने खेळ उतरविला असेल, तर दुसऱ्याला तो घरातल्या वायरीवरून मिळतो. मित्राने संगणक आणला, तर त्यालाही देता येतो. प्रत्येकाचे खाते वेगळे आणि खेळ प्रत्येकाने विकत घेतलेला असल्याने यात चोरी कसलीही नाही. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन ती दुसऱ्या पेठेतल्या मित्राकडे नेणेही तितकेच वैध आहे. तेथे फायली तपासल्या, की उरलेसुरले काही एमबीच उतरवावे लागतात. सायबर कॅफेत एका सीडीवरून दहा संगणकांवर खेळ चढविणाऱ्या पिढीला ही युक्ती नवी वाटणार नाही. मंडळाचा एक चेंडू सगळ्या गल्लीला पुरतो, त्यातलाच हा प्रकार.

फुगवट्याची किंमत

हे सर्व उपाय ग्राहकाने करायचे आहेत. पण खेळ एवढे मोठे का, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. बारीक चित्रे आणि अनेक भाषांतील आवाज हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते. २०१४ च्या 'टायटनफॉल' या खेळाच्या ४८ जीबींपैकी ३५ जीबी हा न दाबलेला आवाज होता. जुन्या प्रोसेसरना आवाज उलगडण्याचा त्रास पडू नये म्हणून तो तसाच ठेवण्यात आला होता.

अलीकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. 'हेलडायव्हर्स २' हा २०२४ चा खेळ संगणकावर १५४ जीबी जागा घेत होता. तबकडीच्या डिस्कला माल शोधत फिरावे लागू नये म्हणून एकच माल अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा ठेवलेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी ही पुनरावृत्ती काढलेली आवृत्ती दिली. ती २३ जीबींची निघाली. तबकडी वापरणाऱ्यांनाही त्यामुळे काही सेकंदच अधिक थांबावे लागते, असे निर्मात्यांनीच सांगितले. म्हणजे जगभरच्या खेळाडूंनी एकशे तीस जीबींहून अधिक माल फुकट उतरविला आणि फुकट सांभाळला.

या फुगवट्याला आजवर फारसा विरोध झाला नाही, कारण डिस्क स्वस्त होत गेल्या. ती परिस्थिती आता पालटली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृती-चिप्सची मागणी एवढी वाढविली, की २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडी यांचे भाव चढू लागले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. 'एक डिस्क वाढवा' हा सल्ला ऐकायला सोपा असला, तरी ती डिस्क घेणाऱ्या घरात तो महिन्याच्या हिशेबाचा विषय असतो. ज्या संगणकावर धाकटा भाऊ फुटबॉल खेळतो, त्यावरच थोरली बहीण अभियांत्रिकीचा प्रकल्प लिहीत असते. खेळाने खाल्लेला प्रत्येक जीबी त्या घरात कोणाच्या तरी वाट्याचा असतो.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. निर्मात्यांनी न लागणाऱ्या भाषा, अतिबारीक चित्रे आणि न खेळले जाणारे भाग वगळण्याची मुभा सरसकट दिली पाहिजे. काही खेळांत ती आहे आणि ती असलेल्या ठिकाणी ग्राहकांनी ती जरूर वापरावी. दुसरी गोष्ट आपल्या हातातील आहे. खिशात हात घालण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून पाच मिनिटे पाहणे. अडथळा कुठे आहे ते समजले, की निम्म्या घरांत नवी योजनाही लागणार नाही आणि नवी डिस्कही. दोन-तीनशे रुपयांची वायर, मोकळी ठेवलेली थोडी जागा आणि गल्लीतला एक मित्र एवढ्यावर शंभर जीबींचा सामना रात्रीच्या जेवणाआधी सुरू होऊ शकतो.